युरियाच्या डोंगराचं शिखर कुठल्या किलोला?



मुंबई उपनगर जिल्ह्यात शेती होते, असं म्हटलं की गावाकडची मंडळी हसतात. अंधेरी-घाटकोपर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे पूल आणि टॉवर येतात. पण बोरिवलीची खाडी ओलांडून गोराई-मनोरीकडे जा, तिथे आजही भाजीचे वाफे आणि भाताची खाचरं आहेत. आरे वसाहतीतल्या पाड्यांवर वारली कुटुंबं पावसाळी भात लावतात. जागा थोडी, पाच-दहा गुंठे, पण शेती ती शेतीच. आणि खताची चूक झाली तर पाच गुंठेवाल्याला ती पाच एकरवाल्यापेक्षा जास्त जाणवते, कारण त्याचं घरचं तांदूळच कमी होतं.

अशीच एक चूक माझ्या हातून झाली. ती सांगितल्याशिवाय पुढचा हिशोब कळणार नाही.

आरेतल्या एका पाड्यावर आठ गुंठे भात लावणारे एक काका आहेत. दोन वर्षांमागे मी त्यांना पत्रकातली मात्रा सांगून आलो. कोकणात खरीप भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश ही शिफारस आम्हा विस्ताराच्या माणसांच्या तोंडपाठ असते. हेक्टरी १०० किलो नत्र म्हणजे गुंठ्याला एक किलो. युरियात नत्र शेकडा ४६, म्हणून गुंठ्याला युरिया सव्वादोन किलोच्या जरा आत. बोलायला सोपं म्हणून मी म्हणालो, "काका, गुंठ्याला दोन किलो धरा, पण एकदम टाकू नका, हप्त्याहप्त्याने द्या."

काकांनी शब्द पाळला. भात असा हिरवागार झाला की येणारा-जाणारा थांबून बघत असे. दसऱ्याच्या सुमारास एक वाऱ्या-पावसाची सर आली आणि सगळं पीक आडवं लोळलं. झोडणीला पोचट दाणेच फार. बांधापलीकडे त्यांच्या भावाचं खाचर होतं, त्यात चिमूटभरसुद्धा युरिया पडला नव्हता. त्याला गुंठ्यामागे जवळपास तेवढंच भात मिळालं. म्हणजे काकांचा युरिया, मजुरी, हौस, सगळं पाण्यात.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितला तेवढाच टाकला बघा."

मी विचारायला हवं होतं ते विचारलंच नव्हतं. मुंबईतले म्हशींचे तबेले शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. तिथल्या पाड्यांना शेणखताचा तोटा नाही. काकांच्या खाचरात वर्षानुवर्षं तबेल्याचं शेणखत पडत आलेलं. जमिनीच्या पोटात आधीच नत्र होतं, त्यावर मी पत्रकातला पूर्ण डोस ओतायला लावला. माती परीक्षण न करता मात्रा सांगणं म्हणजे पेशंटला न तपासता औषध लिहिणं, हे मी इतरांना सांगत हिंडतो, आणि स्वतःच तसं केलं.

आता गणिताकडे येतो. घाबरू नका, मीसुद्धा कृषी पदविकेचा माणूस, माझं गणित दहावीनंतर सुटलंच होतं. त्या दिवशी काकांच्या ओटीवर त्यांची मुलगी वही घेऊन बसली होती. अकरावीला, विज्ञान शाखेत. चहा होईपर्यंत तिने मला विचारलं, "सर, हे बघा ना. कंसात क्ष उणे २ लिहिलंय. उणे म्हणजे डावीकडे ना? मग कमान उजवीकडे २ वर का जाते?" मला काही सांगता आलं नाही. मान डोलावून चहा प्यायलो आणि निघालो. पण गोरेगाव ते बोरिवली गाडीत उभा असताना दोन गोष्टी एकमेकांना चिकटल्या. तिच्या वहीतली कमान आणि तिच्या बापाचं आडवं पडलेलं भात, हा एकच प्रश्न होता.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो आणि तिघं मिळून आम्ही हिशोब मांडला. आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतलेले आहेत, ते कुणाच्या शेताचे समजू नका. पण अशक्यही नाहीत.

शेणखताची पुंजी नसलेलं एक खाचर धरा. गुंठ्याला युरिया शून्य, तर भात ३३ किलो. एक किलो युरिया दिला, ४२ किलो. दोन किलोला ४५. तीन किलोला पुन्हा ४२. चार किलोला ३३. कागदावर युरिया आडवा आणि भात उभा धरून टिंबं मांडली आणि जोडली, की डोंगरासारखी कमान तयार होते. वर चढते, दोन किलोपाशी माथा गाठते आणि तशीच पलीकडे उतरते. या आकाराला मराठी पुस्तकात अन्वस्त म्हणतात, कॉलेजात पॅराबोला. माथ्याच्या टिंबाला शिरोबिंदू, कॉलेजात व्हर्टेक्स. पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून भाजीला पाणी मारता ना, त्या पाण्याची धारही अशीच वाकते.

पहिला किलो ९ किलो भात देतो, दुसरा फक्त ३. तिसरा ३ किलो परत घेतो, चौथा ९ किलो. खत तेच, गोणी तीच, पण कितवा किलो आहे त्यावर तो मित्र की चोर हे ठरतं.

ही सगळी कमान एका ओळीत लिहिता येते. युरियाला क्ष म्हणू, भाताला य:

य = ४५ − ३(क्ष − २)²

यालाच शिरोबिंदू रूप म्हणतात. ही ओळ वाचायला शिकलात की टिंबं न मांडताही डोंगर दिसतो. कंसाचा वर्ग कधी ऋण होत नाही. तेव्हा ४५ मधून नेहमी काहीतरी वजाच होणार, फार तर शून्य वजा होईल. म्हणून ४५ हा माथा, त्यापेक्षा वर जाणं नाही. आणि शून्य कधी वजा होईल? कंस रिकामा झाला तर. क्ष उणे २ हे शून्य कधी? क्ष दोन असेल तेव्हा. म्हणून माथा दोनवर. मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. उणेचं चिन्ह पाहून डावी-उजवी ठरवायची नाही, "कंस कुठे शून्य होतो?" एवढंच विचारायचं.

पण ती म्हणाली, "हे पाठ होईल सर, पटत नाही." बरोबर होतं तिचं. उरलेलं अर्धं उत्तर तिच्या बापाच्या शेतात होतं.

काकांच्या खाचरात शेणखतामुळे एक किलो युरियाएवढं नत्र आधीच आहे असं धरू. आता काका क्ष किलो टाकतात तेव्हा भाताच्या मुळाला मिळतात क्ष अधिक १. भाताला काय ठाऊक कुठलं नत्र गोणीतलं आणि कुठलं म्हशीचं? त्याला एकूण दोन किलोचंच पचतं. म्हणून वरच्या ओळीत क्षच्या जागी क्ष + १ घाला:

य = ४५ − ३(क्ष + १ − २)², म्हणजेच य = ४५ − ३(क्ष − १)²

बघा, आपण कंसात एक अधिक केला आणि माथा दोनवरून एकवर आला, म्हणजे डावीकडे सरकला. का? कारण जमिनीने आधीच एक पाऊल चाललेलं आहे, माणसाला तेवढं कमी चालायचं आहे. उलट जमीन कसदार नसेल, टाकलेल्यातलं काही पावसाबरोबर वाहून जाणार असेल, तर कंसात उणे पडतं आणि माथा उजवीकडे जातो, जास्त चालावं लागतं. अधिक म्हणजे डावीकडे, उणे म्हणजे उजवीकडे, ही उलटी वाटणारी गोष्ट खाचरात उभं राहिलं की सरळ होते.

आता या दुसऱ्या ओळीत काकांचे दोन किलो घाला. कंसात १, वर्ग १, तीनदा वजा, भात ४२. भावाचा शून्य किलो घाला. कंसात उणे १, वर्ग १, भात पुन्हा ४२. दोघं डोंगराच्या दोन बाजूंना एकाच उंचीवर उभे. फरक इतकाच, की भाऊ चढणीवर होता आणि काका उतरणीवर. शिवाय उतरणीवर भात माजतं, लोळतं, करपा आणि तुडतुडे पाहुणे येतात, ते वेगळंच. मुलीने हा हिशोब बापाला वाचून दाखवला. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे एकच किलो पुरला असता."

ओळीतल्या उरलेल्या आकड्यांबद्दल थोडं. ४५ हा माथ्याची उंची दाखवतो. तो बदलला की अख्खा डोंगर वर किंवा खाली जातो, पण माथा कुठल्या किलोला हे बदलत नाही. स्फुरद कमी, पाणी वेळेवर नाही, बियाणं जुनं, तर ४५ चे ३० होतील आणि युरिया ओतून ते भरून निघणार नाही. "पीक कमी आलं, युरिया कमी पडला असेल" हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य आहे. बहुतेक वेळा बसलेला असतो तो डोंगर, आणि आपण मात्र त्यावर पुढे पुढे चालत राहतो. तीन हा आकडा डोंगर किती उभट ते सांगतो. तीनच्या जागी एक असता तर शून्याला ४१, एक किलोला ४४, दोनला ४५, तीनला ४४. पसरट टेकाड. भारी, सेंद्रिय खत खाल्लेली जमीन अशी चूक पोटात घालते, हलकी वरकस जमीन घालत नाही. आणि तीनच्या आधीचं उणे आहे म्हणून डोंगर आहे. ते अधिक असतं तर कमान उताणी होऊन वाटी झाली असती, इमारतीच्या गच्चीवरच्या डिशसारखी. मग शिरोबिंदू म्हणजे माथा नव्हे, तळ.

आता हे रूप मिळवायचं कसं? कारण अहवालात किंवा पुस्तकात समीकरण बहुधा असं लिहिलेलं असतं: य = ३३ + १२क्ष − ३क्ष². यात युरियाशिवाय मिळणारे ३३ किलो समोर दिसतात, पण माथा लपलेला असतो. तो बाहेर काढायला दहावीतली पूर्ण वर्ग पद्धत लागते, जी आपण मार्कांसाठी शिकलो आणि सोडून दिली. शेवटच्या दोन पदांतून उणे ३ बाहेर काढा, आत राहतं क्ष² − ४क्ष. चारचं निम्मं दोन, दोनचा वर्ग चार. हे चार आत मिळवले की (क्ष − २) चा पूर्ण वर्ग होतो. पण बाहेर उणे ३ उभा आहे, म्हणून आतले चार खरं तर १२ वजा झाले. ते भरून द्यायला बाहेर १२ मिळवा. ३३ आणि १२, झाले ४५. झालं काम. मुलं इथेच चुकतात, आत मिळवतात आणि बाहेर भरताना तीनने गुणायला विसरतात. काकांच्या मुलीनेही पहिल्यांदा ३७ काढले होते.

ही युक्ती परकी नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात वर्गसमीकरणाच्या या रीतीला मध्यमाहरण म्हटलं आहे, म्हणजे मधलं पद हरण करणं, नाहीसं करणं. वरच्या कृतीत तेच होतं, १२क्ष हे मधलं पद वर्गाच्या पोटात जातं. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, ज्यांचं नाव भायखळ्याच्या संग्रहालयाला आहे. खानदेशातली युक्ती मला आरेच्या पाड्यावर समजली, ते असो.

ज्यांना हे आकड्यांचं जंजाळ नको, त्यांच्यासाठी साधी रीत. एका खाचरात सारखे वाफे पाडा. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे बरोबर एक गुंठा. जागा नसेल तर साडेसोळा फूट बाय साडेसोळा फूट, पाव गुंठा. मध्ये पक्के बांध घाला, नाहीतर एकाचं खत दुसऱ्यात जाईल. बाकी सगळं सारखं ठेवा, युरिया तेवढा बदला. भात वाळवून वेगवेगळं वजन करा. कुठल्याही दोन वाफ्यांना सारखं भात आलं, तर माथा त्यांच्या बरोबर मधोमध. १ किलोला ४२ आणि ३ किलोला ४२, तर माथा २ ला. कमान दोन्ही बाजूंना सारखी असते, त्याचा हा फायदा. आणि उभटपणा हवा असेल तर फरक मांडा: ९, ३, उणे ३, उणे ९. दर पायरीला फरक ६ ने घटतो. त्याचं निम्मं ३, तोच कंसाबाहेरचा तीन. फरक अधिकचा उणे जिथे होतो, माथा तिथेच आसपास.

आता पैशाची बाजू. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे किलोला सहा रुपयेही नाहीत. २०२४-२५ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता, म्हणजे किलोला २३. पहिल्या किलो युरियाने ९ किलो भात आणलं, सहा रुपयांना दोनशे सात रुपये. असा धंदा कुठे मिळणार? पण दीडवरून दोनवर जाताना अर्ध्या किलो युरियाला मिळतं पाऊण किलो भात. शेवटच्या १०० ग्रॅमला फक्त ३० ग्रॅम. ५९ पैशांना ६९ पैसे, टाकायची मजुरी धरली तर तोटाच. माथ्यावर डोंगर सपाट असतो. दोनशे ग्रॅम कमी पडला तर नुकसान अवघं १२० ग्रॅम भाताचं. तेवढाच जास्त पडला तरी नुकसान तेवढंच, वर युरियाचे पैसे आणि रोगाची जोखीम. मग माथ्याच्या अलीकडे थांबलेलं बरं की पलीकडे? माझं स्पष्ट मत असं, की युरिया स्वस्त आहे म्हणूनच आपल्याला माथा दिसत नाही. तो दहापट महाग असता तर प्रत्येकाने वाफे पाडून मोजून पाहिलं असतं.

डोंगरच हलवता येतो, हे कोकणात एका माणसाने दाखवलं आहे. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भात लागवड पुष्कळांनी ऐकली असेल. भाताचा पेंढा-तूस जमिनीत परत घालणं, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या. १५ आणि २५ सेंटिमीटर अशी आलटून-पालटून लावणी करायची आणि चार चुडांच्या चौकोनात एक गोळी चिखलात खोल खुपसायची. गोळी २.७ ग्रॅमची. दर १६०० चौरस सेंटिमीटरला एक, म्हणजे हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजन १७० किलोच्या आसपास. वरून फेकलेल्या युरियाचं नत्र बरंचसं हवेत आणि ओढ्याला जातं, खोल पुरलेलं मुळाशी राहतं. म्हणून तेच भात कमी नत्रात मिळतं, म्हणजे माथा डावीकडे सरकला. काकांच्या शेणखताने जे नकळत केलं, ते इथे ठरवून केलेलं आहे.

या कमानीवर आंधळा भरवसा मात्र ठेवू नका. पहिल्या ओळीत सहा किलो युरिया घालून बघा, कंसात ४, वर्ग १६, तीनदा वजा, भात उणे ३ किलो. म्हणजे शेतकऱ्यानेच घरून तीन किलो नेऊन खाचरात ओतायचे! गणित शेताच्या कडेपर्यंत चालतं, पुढे नाही. जेवढ्या मात्रा प्रत्यक्ष टाकून पाहिल्या तेवढ्यातच ही ओळ खरी धरायची. काही जमिनीत माथा टोकदार नसतो, पठार असतं. आणि एका वर्षाच्या पावसावरून काही ठरवू नये.

ते आम्हालाही कळलं. मागल्या पावसाळ्यात काकांनी चार पाव-गुंठे वाफे पाडले. गुंठ्याच्या हिशोबाने शून्य, अर्धा, एक आणि दीड किलो. मुलीने काठ्यांना पाट्या लावल्या. भाद्रपदात खेकड्यांनी दोन वाफ्यांमधला बांध पोखरला आणि दीड किलोचं पाणी शून्याच्या वाफ्यात शिरलं. वजनं घेतली, पण शून्याचा आकडा कुठल्याच कमानीत बसेना. काका म्हणाले, "खेकड्याला गणित येत नाही साहेब." यंदा बांध दुप्पट रुंद घातले, माती परीक्षणाचा नमुनाही लावणीआधी पाठवला होता. चारही वाफे उभे आहेत. रस्त्यावरून बघणाऱ्याला दीड किलोचाच वाफा सगळ्यांत छान वाटतो, तो सगळ्यांत हिरवा आहे. काकांच्या शेजाऱ्याने तोच बघून पुढच्या वर्षी गुंठ्याला दोन किलो टाकायचं ठरवलंही आहे. त्याला म्हटलं, झोडणी होईपर्यंत थांब. वजनकाटा मुलीने किराणावाल्याकडून सांगून ठेवला आहे.